मराठी पुस्तिकेत जनुकांची नावं कशी लिहायची? देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, मग फरक दाखवायचा कसा?

सावळज_बाग यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातली. घरची द्राक्षबाग आहे आणि माझं एम.एस्सी. कृषी वनस्पतीशास्त्रातलं. आमच्या भागातल्या बागायतदारांच्या गटानं एक छोटी मराठी पुस्तिका काढायचं ठरवलं आहे. रोगाला दाद न देणारी वाणं कशी तयार होतात, त्यात जनुकांचं काम काय, बाहेरच्या देशात द्राक्षात काय चाललंय, असा विषय आहे. फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर पोंगा (नवा कोंब) फुटताना पाऊस लागला की दावण्या, पुढे ढगाळ हवा धरली की भुरी, हे द्राक्षाचे दोन मोठे रोग. फवारणीच्या खर्चानं माणसं मेटाकुटीला आली आहेत, त्यामुळे हे वाचायला लोक खरोखर उत्सुक आहेत. लिखाण माझ्याकडे आलंय.

मजकूर जमतोय. अडलंय ते नावांपाशी.

भुरीच्या प्रतिकाराची दोन जनुकं मी घेतली, रन१ आणि रेन१. कच्चा मसुदा वडिलांनी वाचला आणि पहिला प्रश्न हाच केला, "यातलं एक छापायची चूक आहे का?" चूक नाही, दोन्ही खरी आहेत, पण एकाच रोगाला दोन वेगळी नावं का, हे मला त्यांना नीट सांगता आलं नाही.

तुलनेसाठी भाताचा कडा करपा हा जिवाणूमुळे येणारा रोग घेतला आहे. तिथे एक्सए२१ आणि एक्सए१३ ही दोन जनुकं येतात. इंग्रजी निबंधात पहिल्याचा एक्स कॅपिटल असतो आणि दुसऱ्याचा स्मॉल. देवनागरीत लिहिलं की दोन्ही सारखीच दिसतात. शिवाय जनुकाचं नाव तिरप्या ठशात आणि प्रथिनाचं सरळ ठशात, हा नियम मराठीत कसा पाळायचा? आमचा छापखानावाला तिरपं मराठी छापून देईल, पण वाचणाऱ्याला त्यातून काय बोध होणार?

तिसरी गोष्ट. थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षात बी का नसतं हे सांगताना एजीएल११ हे जनुक येतं. हे नाव शोधत गेले तर दुसऱ्याच एका झाडाच्या फुलापाशी पोचले. द्राक्षाच्या बियांच्या जनुकाला फुलाचं नाव कशाला?

प्रत्येक पिकाचे नियम निराळे दिसतात. मराठीत लिहिताना यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं, कुणी सांगेल का?

---

कराड_लॅब

माझं मत सरळ आहे. जनुकांची नावं रोमन लिपीतच ठेवा, तिरप्या ठशात, जशीच्या तशी. मराठी वाक्यात मध्येच रोमन शब्द आला तर काही बिघडत नाही, औषधांच्या बाटलीवर आपण वाचतोच की. देवनागरीत लिहिलेलं नाव उद्या कुणी डेटाबेसमध्ये शोधायला गेला तर काहीच सापडणार नाही. आणि नावापुढचा पिकाचा उपसर्ग, द्राक्षाचा 'व्हीव्ही' लिहायचा की 'वीवी', मक्याचा 'झेडएम' की 'झॅडएम', यावरच गटात दोन तट पडतील.

---

गहू_पैदास_सातारा

ताई, प्रश्न मनापासून आवडला. माझी सगळी नोकरी गव्हाच्या तांबेऱ्यात गेली, त्यातली बरीचशी महाबळेश्वरच्या तांबेरा केंद्रावर. जनुकाच्या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पुढच्या माणसाचा हंगाम कसा वाया जातो, हे मी जवळून पाहिलेलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रन आणि रेन. भुरीच्या बुरशीचं शास्त्रीय नाव पूर्वी अनसिन्युला नेकेटर होतं. पुढे वर्गीकरण बदललं आणि ती एरिसिफे नेकेटर झाली. 'आर' म्हणजे प्रतिकार, त्यापुढे बुरशीच्या नावाची आद्याक्षरं. जुन्या नावावरून रन, नव्या नावावरून रेन. म्हणजे यू आणि ई हा फरक बुरशीच्या नावातला आहे, द्राक्षातला नाही. पण म्हणून दोन्ही एकच आहेत असं मात्र समजू नका. रन१ हे अमेरिकेतल्या मस्कॅडिनिया रोटुंडिफोलिया या रानटी भावंडातून आलं आणि ते १२ व्या गुणसूत्रावर आहे. रेन१ हे मध्य आशियातल्या 'किशमिश वटकाना' या द्राक्षात सापडलं, ते १३ व्या गुणसूत्रावर. ही किशमिश वटकाना आपल्या खायच्या द्राक्षाच्याच जातीची आहे, रानटी नाही. तुमच्या वाचकाला ही बातमी मोठी आहे, ती पुस्तिकेत जरूर घ्या.

रन१ला चिकटूनच आरपीव्ही१ बसलेलं आहे, तेही त्याच रानटी भावंडातून आलेलं. आरपीव्ही म्हणजे प्लाझ्मोपारा विटिकोला या बुरशीसारख्या रोगजंतूला प्रतिकार, म्हणजे आपला दावण्या. गुणसूत्राचा तो एक तुकडा वाणात आणला की भुरी आणि दावण्या दोन्हींवर काही ना काही पकड मिळते. नावं दोन, जागा जवळजवळ एकच. हे वाक्य मी तुमच्या जागी असतो तर ठळक ठशात छापलं असतं.

आता कॅपिटल-स्मॉल. ही रीत थेट मेंडेलपासूनची आहे. १८६६ च्या निबंधात त्यानं वाटाण्याचे प्रभावी गुण मोठ्या अक्षरानं आणि अप्रभावी गुण लहान अक्षरानं लिहिले. गहू, भात, टोमॅटो अशा पिकांत जिथे पैदासकारांनी आधी काम केलं, तिथे ही खूण रुजली. भाताच्या एक्सए२१ चा एक्स मोठा, कारण ते प्रभावी आहे, एक प्रत पुरते. एक्सए१३ चा एक्स लहान, कारण आईकडची आणि बापाकडची अशा दोन्ही प्रती तीच असल्याशिवाय झाडात प्रतिकार दिसत नाही.

हे दिसायला बारीक आहे, पण शेतावर याचे परिणाम जबर आहेत. एक्सए२१ असलेल्या वाणाशी संकर केला की पहिल्याच पिढीत प्रतिकार दिसतो. निवड सोपी. एक्सए१३ घेऊन संकर केला तर पहिली पिढी सगळी रोगाला बळी पडते. ज्याला हे माहीत नाही तो म्हणेल, संकर फसला, आणि झाडं उपटून टाकेल. खरं तर जनुक आत आहे, झाकलेलं आहे. पुढच्या पिढीत स्वपरागीकरण झालं की चारातलं एक झाड प्रतिकारक निघतं. मागे-संकर, म्हणजे संकराचा पुन्हा मूळ वाणाशी संकर, करताना तर दर पिढीत डीएनए मार्कर (जनुकाची डीएनएमधली ओळखखूण) लावूनच ते पकडावं लागतं. सुधारित सांबा मसुरी या भाताच्या वाणात एक्सए२१, एक्सए१३ आणि एक्सए५ तिन्ही एकत्र आणली, ती अशीच मार्करच्या आधारानं. त्यातलं पहिलं प्रभावी, उरलेली दोन अप्रभावी.

एक्सए१३ ची आणखी एक बाजू आहे. त्याची नेहमीची, कामसू प्रत झाडात साखर पेशीबाहेर सोडणारं प्रथिन बनवते. करप्याचा जिवाणू नेमकी तीच प्रत जागी करून स्वतःचं पोट भरतो. प्रतिकार देणाऱ्या प्रतीत जिवाणूला ही कळ दाबता येत नाही. याच जनुकाला दुसऱ्या शास्त्रज्ञांनी साखरवाहू प्रथिनांच्या कुटुंबावरून ओएस-स्वीट११ हे नाव दिलं. म्हणजे रोगावर काम करणाऱ्यानं रोगाचं नाव दिलं आणि साखरेवर काम करणाऱ्यानं साखरेचं. दोघंही बरोबर.

यावरून तुमच्या पुस्तिकेसाठी माझा सल्ला असा. कॅपिटल अक्षर जे काम करतं ते मराठीत शब्दांनी करा. 'प्रभावी जनुक एक्सए२१', 'अप्रभावी जनुक एक्सए१३' असं प्रत्येक पहिल्या उल्लेखाला लिहा. तिरप्या ठशाच्या मागे लागू नका. नावाच्या शेजारी 'जनुक' किंवा 'प्रथिन' हा शब्द आला की तिरप्या ठशाचं काम झालं. आपल्याकडे हे शब्द लहान आहेत, वाक्यात सहज बसतात. ज्याचं पिकात काम करणं बंद पडलं आहे त्याला 'बिघडलेली प्रत' म्हणा. हा शब्द पहिल्या वाचनात कळतो, 'उत्परिवर्तित अलील' कळत नाही.

कराडकरांचं म्हणणं मी सोडून देत नाही. शोधायचं असेल तर रोमन अक्षरं लागतातच. ती शेवटच्या पानावर एका तक्त्यात द्या. एका रकान्यात पुस्तिकेतलं मराठी नाव, शेजारी रोमन नाव तिरप्या ठशात, शेजारी पीक आणि गुणसूत्र. पण धावत्या मजकुरात देवनागरीच. वडीलधारी माणसं मोठ्यानं वाचून दाखवतात, ऐकणारे चारजण बसलेले असतात. मध्येच रोमन आलं की वाचणारा तो शब्द गाळून पुढे जातो आणि नेमकं नावच निसटतं.

आता एजीएल११. ॲराबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोप आहे, वनस्पती जनुकशास्त्राची सगळी बाराखडी त्यावर गिरवली गेली. त्यात एक जनुक बिघडलं की फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर बनतच नाहीत, नुसत्या पाकळ्या आणि निदलं एकात एक येत राहतात. त्या बिघाडावरून जनुकाचं नाव पडलं ॲगॅमस. पुढे त्याच्यासारखी दिसणारी अनेक जनुकं सापडली, त्यांना 'ॲगॅमससारखं' म्हणून एजीएल आणि पुढे क्रमांक. त्यातलं अकरावं बीजांडाच्या कामाचं निघालं. द्राक्षात त्याचा जो भाऊबंद सापडला त्याला तेच नाव, आणि पुढे द्राक्षाचा उपसर्ग. तर तुमच्या थॉमसनच्या बिनबियांच्या गुणाशी जोडलेलं नाव हे एका रानरोपाच्या बिघडलेल्या फुलापासून चालत आलेलं आहे. नाव वाचून काम ओळखायला जाल तर फसाल.

इथे एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी पहिल्याच तासाला सांगायचो. बऱ्याच जनुकांची नावं ती *बिघडल्यावर* काय दिसलं त्यावरून पडलेली असतात. ॲराबिडॉप्सिसमधलं लीफी हे जनुक पानं बनवत नाही, ते फुलं बनवतं. ते बिघडलं की फुलाच्या जागी पानं आणि फांद्या येतात, म्हणून लीफी. भातातलं एसडी१ घ्या. नाव 'अर्धबुटका' असं, पण धडधाकट एसडी१ झाड उंच करतं, कारण ते जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक बनवणाऱ्या साखळीतलं एक विकर (एन्झाइम) बनवतं. बिघडलेली प्रत आली की झाड ठेंगणं राहतं, खत पचवतं, लोळत नाही. १९६६ ची आयआर८ ही भाताची जात याच बिघडलेल्या प्रतीवर उभी आहे. मराठीत नुसतं 'बुटकेपणाचं जनुक एसडी१' लिहिलं की अर्थ उलटा होतो. 'एसडी१ जनुकाची बिघडलेली प्रत असली की भात ठेंगणा राहतो' हे बरोबर.

नावाच्या गोंधळातून सुटायला शास्त्रज्ञांनी ठिकाणाचा क्रमांक काढला, आणि मला तो फार सुंदर वाटतो. लीफीचा क्रमांक आहे एटी५जी६१८५०. एटी म्हणजे ॲराबिडॉप्सिस थॅलियाना, ५ म्हणजे पाचवं गुणसूत्र, जी म्हणजे जीन, आणि ६१८५० हा गुणसूत्राच्या वरच्या टोकापासून मोजत आलेला क्रम. सुरुवातीला हे क्रमांक दहा-दहाच्या अंतरानं दिले, मधे नवीन जनुक सापडलं तर जागा असावी म्हणून. भातात दोन पद्धती आहेत, त्यामुळे एसडी१ ला दोन क्रमांक. एक ओएस०१जी०८८३८००, दुसरा एलओसी-ओएस०१जी६६१००. दोन्हींत ०१ म्हणजे पहिलं गुणसूत्र, तेवढं जुळतं, बाकी आकडे वेगळे. ज्यानं कुठली पद्धत वापरली हे लिहिलं नाही त्याची यादी दुसऱ्याच्या यादीशी जुळवताना डोकं धरायची वेळ येते. मका तर आणखी निराळा. तिथे जनुकाचं नाव मुळात स्मॉल अक्षरांतच लिहितात. ॲराबिडॉप्सिसमध्ये धडधाकट जनुक सगळं कॅपिटल, बिघडलेलं सगळं स्मॉल. सवय नसलेला माणूस मक्याचा निबंध वाचून समजेल की यांची सगळी जनुकं बिघडलेलीच आहेत.

आता माझ्या गव्हाचं सांगतो, कारण नाव कसं 'मिळतं' हे पुस्तिकेत कुठेतरी यावं असं मला फार वाटतं.

तांबेऱ्याच्या जनुकांना एसआर, एलआर, वायआर अशी नावं. एसआर खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याचं, एलआर पानावरच्या नारिंगी तांबेऱ्याचं, वायआर पिवळ्याचं. पुढे क्रमांक. हा क्रमांक कुणी मनानं घेत नाही. गव्हाच्या जनुकांची एक जागतिक सूची आहे, सिडनीच्या रॉबर्ट मॅकिन्टॉश यांनी ती वर्षानुवर्षं सांभाळली. तुम्हाला नवीन जनुक सापडलं असं वाटतं, तर ते खरंच नवीन आहे हे आधी दाखवावं लागतं. तोवर तात्पुरतं नाव.

दाखवायचं कसं? समजा तुमच्याकडे एक प्रतिकारक गहू आहे आणि एसआर क्रमांक अमुक असलेला ओळखीचा गहू आहे. दोघांचा संकर करायचा. पहिली पिढी प्रतिकारकच येणार, त्यातून काही कळत नाही. दुसऱ्या पिढीची शेकडो रोपं कुंड्यांत वाढवायची आणि पहिल्या पानावर तांबेऱ्याचे बीजाणू टाकायचे, रात्रभर ओल धरायची. पंधरवड्याच्या आत पानावर निकाल उमटतो. नुसता पिवळसर ठिपका असेल तर प्रतिकार. फोड मोठा, फुटलेला, बोटाला विटकरी भुकटी लागणारा असेल तर रोप बळी पडलेलं. दोन्ही पालकांत एकच जनुक असेल तर बळी पडलेलं रोप निघायलाच नको. दोन वेगळी, एकमेकांपासून लांबची प्रभावी जनुकं असतील तर सोळातलं एक रोप बळी पडतं. ते रोप शोधत भिंगानं ओळीनं पानं तपासायची. ते सापडलं की नव्या नावाची आशा. नाही सापडलं तर जुनंच नाव, आणि त्यात कमीपणा काही नाही.

इतकं करूनही गोंधळ होतातच. पानाच्या तांबेऱ्यावर काम करणाऱ्यांनी एलआर३४ शोधलं, पिवळ्यावाल्यांनी वायआर१८, खोडावाल्यांनी एसआर५७, गव्हाच्या भुरीवाल्यांनी पीएम३८. ते सगळं एकच जनुक आहे, ७डी गुणसूत्रावरचं, हे २००९ मध्ये जनुक वेगळं काढून सिद्ध झालं. आणखी एक खूण त्याच जनुकाची निघाली. शेंड्याच्या पानाचं टोक वाळतं. त्यालाही वेगळं नाव होतं, एलटीएन१. हे वाळलेलं टोक घेऊन शेतकरी माझ्याकडे यायचे, औषध मागायचे. मी पान हातात घेऊन उजेडात धरायचो. टोक वाळलेलं, पण खाली तांबेऱ्याचे फोड थोडे, बारीक, लांब लांब. मी म्हणायचो, फवारू नका, हे तुमच्या गव्हाचं बळ आहे. हे प्रतिकाराचं जनुक रोग पूर्ण थांबवत नाही, त्याचा वेग कमी करतं, आणि म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं आहे.

याच्या नेमकं उलट एसआर३१. ते राय धान्याच्या गुणसूत्राच्या तुकड्यासोबत गव्हात आलं, आणि त्याच तुकड्यावर एलआर२६ आणि वायआर९ ही वेगळी जनुकं आहेत. इथे नावं तीन, जनुकंही तीन, पण जातात एकगठ्ठा. आणि १९९९ मध्ये युगांडातून नोंदल्या गेलेल्या यूजी९९ या तांबेऱ्यानं एसआर३१ मोडून काढलं. नाव तेच राहिलं. म्हणून पुस्तिकेत 'रन१ असलेल्या वाणाला भुरी येणार नाही' असं ठाम वाक्य कृपा करून लिहू नका. नावातला प्रतिकार हा ज्या बुरशीच्या ज्या प्रकारावर तपासला त्याच्यापुरता असतो. बागायतदाराला खरं सांगितलं तर तो समजून घेतो. खोट्या भरवशावर लाखोंची लागण केली आणि चौथ्या वर्षी भुरी आली, तर तो पुन्हा कुठल्याच कागदावर विश्वास ठेवणार नाही.

---

हळदपेठ_सांगली

सरांनी मूळ सगळं सांगितलंच आहे. मी आकडेमोड आणि डेटाच्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो, त्या तक्ता करताना तुम्हाला लागतील.

एक, पिकाच्या उपसर्गावर विसंबू नका. हळदीत करक्युमिन बनवणारी डीसीएस आणि सीयूआरएस१, २, ३ ही जनुकं आहेत. कुर्कुमा लाँगा म्हणून त्यांच्यापुढे 'सीएल' लावलेलं दिसतं. कलिंगडही सिट्रुलस लॅनेटस, म्हणजे पुन्हा सीएल. हरभरा सायसर ॲरिएटिनम, मिरची कॅप्सिकम ॲन्यूम, दोघंही 'सीए'. आमच्याकडे विद्यार्थी यादी उतरवताना हरभऱ्याच्या ओळीत मिरचीचं जनुक टाकतात ते यामुळेच. म्हणून मराठीत तर उपसर्ग सोडून द्या आणि पिकाचं नावच लिहा, 'हळदीतलं सीयूआरएस१'. लांबी चार अक्षरांनी वाढेल, घोळ मिटेल. द्राक्षात जुन्या निबंधांत 'व्हीव्ही' आणि अलीकडच्या बऱ्याच निबंधांत 'व्हीव्हीआय' दिसेल, गोंधळू नका, पीक तेच. टोमॅटोत जुना 'एलई' आणि नवा 'एसएल', कारण टोमॅटोचं शास्त्रीय नावच लायकोपर्सिकॉनवरून सोलॅनम झालं. सरांनी बुरशीचं सांगितलं तसंच, इथे झाडाचं झालं.

दोन, तक्ता एक्सेलमध्ये करत असाल तर आधी तो रकाना 'टेक्स्ट' करा, मग टाइप करा. फुलांच्या जनुकांत सेपालाटा हे कुटुंब आहे, लघुरूप एसईपी. एसईपी३ असं रोमनमध्ये टाइप केलं की एक्सेल त्याची ३ सप्टेंबर तारीख करून टाकतं, आणि नंतर रकाना टेक्स्ट केला तरी मूळ नाव परत येत नाही, एक आकडा उरतो. २०१६ च्या एका पाहणीत एक्सेलच्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात असले बिघाड आढळले. माणसाच्या जनुकांत तर शेवटी २०२० मध्ये काही नावंच बदलावी लागली. वनस्पतींत एसईपी अजून तसंच आहे. आधीच्या लोकांच्या फायलीतून तक्ता उचलणार असाल तर रकान्यात कुठे तारखा दिसतात का ते जरूर बघा.

---

कराड_लॅब

मोठ्यानं वाचून दाखवण्याचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. तक्ता शेवटी असेल तर माझी हरकत मिटली. फक्त देवनागरी रूप पूर्ण पुस्तिकेत एकच ठेवा. एकदा 'आरपीव्ही' लिहिलं की पुढे कुठेही 'आर.पी.व्ही.' किंवा 'आरपीवी' नको.

---

सावळज_बाग

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, तुमचं उत्तर वडिलांना वाचून दाखवलं. किशमिश वटकानाचं ऐकून ते म्हणाले, आपल्या द्राक्षाचीच जात असेल तर चव सांभाळायला सोपं जाईल. हे बरोबर आहे का?

भुरीचा उतारा पुन्हा लिहिला आहे, एकदा नजर टाका:

"भुरीला अडवणारी दोन प्रभावी जनुकं शास्त्रज्ञांच्या वापरात आहेत. द्राक्षातलं रन१ हे अमेरिकेतल्या रानटी द्राक्षातून आलं, ते १२ व्या गुणसूत्रावर आहे. त्याला लागूनच दावण्यावरचं आरपीव्ही१ हे जनुक आहे. द्राक्षातलं रेन१ हे मध्य आशियातल्या किशमिश वटकाना या वाणातून आलं, ते १३ व्या गुणसूत्रावर आहे. रन आणि रेन ही नावं वेगळी दिसतात, कारण मधल्या काळात भुरीच्या बुरशीचं शास्त्रीय नाव बदललं. ही जनुकं रोगाचा जोर कमी करतात. बुरशीचे नवे प्रकार आले तर हा प्रतिकार कमी पडू शकतो, म्हणून पैदासकार एकाच वाणात दोन-तीन जनुकं एकत्र आणायचा प्रयत्न करतात."

थॉमसनच्या उताऱ्यात रंगाचंही घ्यावं असं वाटतंय, पांढरं द्राक्ष आणि काळं शरद सीडलेस शेजारी शेजारी असतात आमच्याकडे. ते कसं लिहू?

---

गहू_पैदास_सातारा

वडिलांचं म्हणणं बरोबर दिशेचं आहे. रानटी भावंडातून जनुक आणलं की त्याबरोबर नको असलेले गुणही येतात आणि ते झाडायला पिढ्यान्‌पिढ्या मागे-संकर लागतात. खायच्या द्राक्षातूनच जनुक मिळालं तर ते ओझं पुष्कळ कमी. द्राक्षात रोप फळायला लागायलाच काही वर्षं जातात, त्यामुळे वाचलेली प्रत्येक पिढी मोलाची. गव्हात मी एका वर्षात दोन पिढ्या काढू शकत होतो, तेही रब्बीत खाली आणि उन्हाळ्यात महाबळेश्वरच्या थंडाव्यात. तुमच्याकडे ते शक्य नाही, हे पुस्तिकेत सांगा, म्हणजे 'वाण कधी येणार' या प्रश्नाचं उत्तर लोकांना आपोआप कळेल.

उतारा चांगला झाला आहे. एक दुरुस्ती. 'दोन प्रभावी जनुकं वापरात आहेत' याऐवजी 'इथे दोन घेतली आहेत' असं करा, कारण भुरीवर रेन आणि रन गटात पुढचे क्रमांकही आहेत. वाचकाला दोनच आहेत असं वाटायला नको.

रंगाचं जरूर घ्या. द्राक्षाच्या सालीत रंग भरायची कळ दाबणारं जनुक एमवायबीए१. धडधाकट प्रत असेल तर साल काळी-जांभळी. पांढऱ्या वाणांत या जनुकाच्या तोंडाशी ग्रेट१ नावाचा उडता डीएनए तुकडा येऊन बसला आहे, त्यामुळे प्रत मुकी झाली. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये हे दाखवलं. इथेही 'पांढऱ्या रंगाचं जनुक' असं लिहू नका. पांढरा रंग देणारं जनुक नाही, रंग देणारं जनुक मुकं आहे. लिहिताना 'द्राक्षातल्या एमवायबीए१ जनुकाच्या प्रती बिघडलेल्या असल्या की मणी पांढरा राहतो' असं लिहा. काळ्या शरदची आणि पांढऱ्या थॉमसनची साल शेजारी ठेवून फोटो छापा, खाली हे एक वाक्य.

तक्ता तयार झाला की छापायला देण्याआधी इथे टाका. कॅपिटल-स्मॉल मी तपासून देतो, हळदपेठवाले तारखा बघतील.